इबुसुकीची वाळू आणि आपली स्वेदनपेटी

लंघन, बृंहण, रूक्षण, स्नेहन, स्वेदन आणि स्तंभन या षडुपक्रमांपैकी स्वेदनाइतका सर्वसामान्य जनांच्या परिचयाचा दुसरा उपक्रम नसेल. वमन-विरेचनाचे नाव काढताच जो रुग्ण कचरतो, तोच रुग्ण 'शेक घ्या' म्हटले की निश्चिंत होतो. उष्णतेने बरे वाटते आणि जे बरे वाटते ते निरुपद्रवी असते, अशी त्याची धारणा असते. ही धारणा आता रुग्णापुरती राहिलेली नाही. पर्यटनस्थळांच्या स्पांमधून, आरोग्यकेंद्रांतून आणि क्वचित आपल्याही पंचकर्मगृहांतून स्वेदन हे करमणुकीच्या अंगाने दिले जाऊ लागले आहे. प्रस्तुत लेखात एका परदेशी स्वेदप्रकाराचा प्रत्यक्ष अनुभव वैद्यबंधू-भगिनींपुढे ठेवावा आणि त्या निमित्ताने चरकाचार्यांच्या स्वेदाध्यायाकडे पुन्हा एकदा पाहावे, असा हेतू आहे. औषधी निर्माते व विक्रेते यांच्याशीही या विषयाचा निकटचा संबंध असल्याने लेखाच्या उत्तरार्धात त्यांच्यासाठी काही सूचना केल्या आहेत.

तिकोण्याच्या पायथ्याचा शेक

आमचा चिकित्सा-व्यवसाय मावळ तालुक्यात, तिकोणा पेठ येथे आहे. वितंडगड उर्फ तिकोण्याच्या पायथ्याचे हे गाव. समोर पवना धरणाचा जलाशय, पलीकडे तुंग, लोहगड आणि विसापूर. येथील मुख्य पीक भाताचे. आषाढ-श्रावणात लावणीसाठी दिवसदिवस चिखलात वाकून उभ्या राहणाऱ्या स्त्रियांना कटिशूल आणि जानुशूल हे जणू पिकाबरोबरच येतात. त्यावरचा उपायही परंपरेने घरोघरी ठरलेला आहे: तव्यावर तापवलेल्या वाळूची किंवा मिठाची पुरचुंडी, फडक्यात गुंडाळलेली गरम वीट, एरंडेल लावून तापवलेले रुईचे पान, निगडीच्या पाल्याचा वाफारा. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवून तीवर ओवा, शेपा, वावडिंग यांची धुरी देण्याची चाल जुन्या घरांतून अद्याप पूर्णपणे लुप्त झालेली नाही. शय्येखाली खड्डा खणून त्यात धूमरहित अंगार भरावे आणि वर रुग्णाला निजवावे, असा जो कर्षूस्वेद चरकांनी वर्णिला आहे, त्याचेच हे घरगुती रूप म्हणावयास हरकत नाही.

गेल्या काही वर्षांत पवनेच्या काठचे चित्र पालटले आहे. तंबूंची वसतिस्थाने, विश्रामगृहे आणि आरोग्यपर्यटनाची केंद्रे येथे उभी राहिली आहेत. गावातील तरुण-तरुणी तेथे नोकरीस आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु तेथील बाष्पकक्षांतून आणि तप्त पाषाणांच्या शेकांतून आलेले रुग्णही अधूनमधून आमच्याकडे येतात. शहरातून सहलीसाठी आलेले एक निवृत्त गृहस्थ दोन्ही टाचांना मोठमोठे फोड घेऊन आले होते. तप्त शिळेवर पाऊण तास पाय टेकून ते आरामात पडून होते. चटका बसत आहे हे त्यांना कळले नाही, कारण पंधरा वर्षांच्या मधुमेहाने तळपायांची संवेदनाच उरली नव्हती. त्यांना मधुमेहाविषयी कोणीही विचारले नव्हते. जखमा भरून येण्यास अडीच महिने लागले. पुढील अनुभव सांगताना हे गृहस्थ आमच्या मनात होते, हे प्रथमच नमूद करतो.

मातोश्रींसह इबुसुकीस

२०२४ च्या नोव्हेंबर महिन्यात आमच्या मातोश्रींना घेऊन आम्ही जपानला गेलो. आमचा भाचा नोकरीनिमित्त टोकियोच्या एदोगावा भागात राहतो. या भागात भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. मातोश्रींचे वय चौऱ्याहत्तर. दोन्ही गुडघ्यांत संधिगतवात, रक्तदाबाची गोळी चालू आणि बारा वर्षांचा मधुमेह. भाच्याने हौसेने दक्षिणेकडील क्यूशू बेटाचा प्रवास आखला होता. कागोशिमापर्यंत वेगवान आगगाडी आणि तेथून किनाऱ्याच्या कडेने धावणाऱ्या लहान गाडीने इबुसुकी. वाटेत कागोशिमाच्या उपसागरापलीकडे साकुराजिमा हा जागृत ज्वालामुखी दिसतो, तर इबुसुकीच्या बाजूस काइमोन नावाचा शंकूसारखा निमुळता पर्वत उभा आहे. तो पाहताच मातोश्री म्हणाल्या, "अरे, हा तर आपला तिकोणाच की!"

आकारापुरते ते खरे असले तरी पोटातील अग्नीत मोठे अंतर आहे. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंडावला. वज्रेश्वरी, गणेशपुरी, पालीजवळचे उन्हेरे, दापोलीकडील उन्हवरे, राजापूरचे उन्हाळे येथील झरे खोल भेगांतून फिरून आलेल्या पाण्यामुळे उष्ण आहेत. त्यांच्याखाली जिवंत ज्वालामुखी नाही. इबुसुकीला मात्र तो शेजार असल्याने समुद्रकिनाऱ्याच्या वाळूखालूनच अत्युष्ण जल वाहते आणि त्याने वाळू तापते. या वाळूत स्वतःला पुरून घेण्याची तेथील परंपरा सुमारे तीनशे वर्षांची सांगितली जाते. तीस 'सुनामुशी', म्हणजे वाळूचा वाफारा, असे नाव आहे.

विधी साधा आहे. अंगावर केवळ यूकाता नावाचा सैल सुती अंगरखा घालावयाचा, डोक्याला पंचा गुंडाळावयाचा आणि वाळूत काढलेल्या उथळ चरात उताणे पडावयाचे. मग सेवक फावड्याने मानेपर्यंत वाळू ओढतात. वाळूचे तापमान ५० ते ५५ अंश सेल्सिअस असते. मुदत दहा मिनिटांची. पडलेल्या माणसास दिसेल असे घड्याळ समोर लावलेले होते. नंतर वाळू झटकून, अंग धुऊन उष्ण कुंडात उतरण्याची प्रथा आहे.

मातोश्रींना नकार

प्रवेशद्वाराशी सूचनांचा फलक होता. भाच्याने तो वाचून दाखवला. रक्तदाब, हृद्रोग, गर्भावस्था, मद्यपान, अंगावरील जखमा यांविषयी त्यात विचारणा होती. मातोश्रींनी तो अर्थ शांतपणे ऐकला आणि अंगरखा हाती घेतला. इतक्या दूर येऊन वाळूत पडावयाचे नाही, हे त्यांना पटण्याजोगे नव्हते. आम्ही म्हणालो, "आई, तुझ्या तळपायांना चटका कळत नाही. तू आत यायचं नाहीस."

त्यावर त्यांनी विचारले, "दवाखान्यात येणाऱ्या सगळ्यांना असंच नाही म्हणतोस, का आईलाच?"

हा प्रश्न आम्ही येथे मुद्दाम उद्धृत केला आहे, कारण तो स्वेदन करणाऱ्या प्रत्येक वैद्याला विचारण्यासारखा आहे. स्वेदनास अयोग्य व्यक्तींच्या चरकोक्त यादीत मधुमेही स्पष्टपणे आहे. त्याखेरीज गर्भिणी, रक्तपित्ती, अतिसारी, नित्य मद्य घेणारा, श्रांत, अतिस्थूल, दुर्बल, क्षीणओज, कामला व उदराचा रोगी, तिमिराचा रोगी हेही आहेत. विशेष म्हणजे तहानलेला, भुकेलेला, क्रुद्ध आणि शोकाकुल हेही त्याच यादीत आहेत. म्हणजे निषेध केवळ व्याधीचा नाही, त्या घटकेच्या अवस्थेचाही आहे. काल योग्य असलेला रुग्ण आज अयोग्य असू शकतो आणि म्हणून प्रत्येक वेळी विचारावयास हवे.

मधुमेहाच्या निषेधामागील कारणे आज अधिक स्पष्टपणे सांगता येतात. नाडीविकृतीमुळे दाह कळत नाही. पंचेचाळीस-पन्नास अंशांचा सौम्य वाटणारा तापही दीर्घकाळ एकाच जागी लागल्यास त्वचा भाजते. अंगात उष्णता वाढली की टोचलेले इन्सुलिन जलद शोषले जाते व रक्तशर्करा एकाएकी खाली येऊ शकते. रक्तदाबाची औषधे चालू असणाऱ्यास स्वेदनानंतर उभे राहताच भोवळ येण्याचा संभव असतो. मातोश्रींच्या बाबतीत यांपैकी दोन कारणे पुरेशी होती. त्या रुष्ट झाल्या. "आता तर तू क्रुद्धही आहेस, म्हणजे तिसरं कारण झालं," असे भाच्याने हसत सांगितल्यावर त्यांनी अंगरखा खाली ठेवला.

वाळूत आम्ही उतरलो. मातोश्री बाजूच्या बाकावर बसून राहिल्या.

दहा मिनिटांचा अनुभव

प्रथम जाणवतो तो वाळूचा भार. ओल्या वाळूचे वजन छातीवर, पोटावर आणि मांड्यांवर सर्व बाजूंनी सारखे पडते व श्वास घेताना ते उचलावे लागते. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटास हातापायांच्या टोकांशी नाडीचे स्पंदन स्पष्ट कळू लागते. पाचव्या मिनिटास कपाळावर घाम येतो. सातव्या मिनिटानंतर टाचा आणि नितंब, जेथे शरीराचा भार खालच्या वाळूवर असतो, तेथे ताप तीव्र होतो. निरोगी माणूस अशा वेळी आपोआप पाय हलवतो. ज्याला ती जाणीव नाही तो हलवणार नाही, हे त्या क्षणी आम्हांस पुस्तकापेक्षा अधिक नीट कळले.

आठव्या मिनिटास मातोश्री बाकावरून उठून जवळ आल्या, कपाळावर हात ठेवला आणि सेवकाला खुणेने बोलावून म्हणाल्या, "याचा चेहरा लाल झालाय, काढा याला." त्यास मराठी समजले नाही, परंतु खूण समजली. त्याने वाळू दूर केली. घड्याळात दोन मिनिटे शिल्लक होती.

परिणाम यथातथ्य सांगतो. आमच्या जुन्या कटिग्रहात त्या सायंकाळी निश्चित लाघव आले, झोप गाढ लागली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत स्तंभ बराचसा परतला. एका स्वेदाने याहून अधिक अपेक्षिणे शास्त्रास धरून नाही.

संहितेच्या दृष्टीने

या विधीस आपल्या परिभाषेत कोठे बसवावे? चरकांनी सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात संकर, प्रस्तर, नाडी, परिषेक, अवगाहन, जेन्ताक, अश्मघन, कर्षू, कुटी, भू, कुंभी, कूप आणि होलाक असे तेरा साग्निस्वेद सांगितले आहेत. भूस्वेदात निवात, सम भूमी तापवून तीवर रुग्णास निजवितात. सुश्रुतांनी तापस्वेदाच्या साधनांत वालुकेची गणना केली आहे. शिवाय चरकोक्त दहा निरग्निस्वेदांत गुरुप्रावरण, म्हणजे जड पांघरूण, हाही एक आहे. इबुसुकीचा विधी हा भूस्वेद आणि गुरुप्रावरण यांचा संयोग आहे, असे आमचे मत झाले.

गुणाच्या दृष्टीने एक सूक्ष्म भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. आपला वालुकास्वेद कोरडा, रूक्ष असतो. म्हणून तो आमवातात, कफप्रधान शोथात योजतात. केवल वातात स्निग्ध स्वेद हवा. इबुसुकीची वाळू उष्ण जलाने भिजलेली असल्याने पूर्णपणे रूक्ष नाही, पण तेथे स्नेहनाचा पूर्वविधीही नाही. अर्थात संधिगतवाताच्या रुग्णास, मधुमेह नसता तरी, आम्ही अभ्यंगाशिवाय या वाळूत निजविले नसते. परदेशी स्पांचे अनुकरण करू इच्छिणाऱ्यांनी हा भेद विसरू नये.

मोजून दिलेली उष्णता

याच कागोशिमातील विद्यापीठात चुवा तेई या हृद्रोगतज्ज्ञांनी १९८९ पासून 'वाओन' नावाची उष्णचिकित्सा विकसित केली. नियंत्रित कक्षात ६० अंश तापमानात रुग्णास १५ मिनिटे बसवावयाचे, बाहेर आणून ३० मिनिटे पांघरुणात निजवून ठेवावयाचे, आधी व नंतर वजन करून जितका घाम गेला तितके पाणी प्यावयास द्यावयाचे. ज्या हृद्दौर्बल्यात उष्णता वर्ज्य मानली जाई, त्यात त्यांनी ती उपयोगात आणली. फिनलंडमध्ये पूर्वेकडील भागातील २,३१५ मध्यमवयीन पुरुषांचा सुमारे वीस वर्षे पाठपुरावा करून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आठवड्यातून चार ते सात वेळा सौना घेणाऱ्यांत आकस्मिक हृदयमृत्यूचे प्रमाण एकदा घेणाऱ्यांपेक्षा बरेच कमी आढळले. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, त्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, तथापि त्याची दखल घेतली पाहिजे.

याउलट उदाहरणेही आहेत. ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात आत्मविकासाच्या एका शिबिरात तप्त झोपडीत बसविलेल्यांपैकी तिघांचा अंत झाला व आयोजकास २०११ मध्ये शिक्षा झाली. २०१० मध्ये फिनलंडमधील हेइनोला येथे ११० अंशांच्या सौनात अधिक काळ कोण बसतो याच्या स्पर्धेत अंतिम फेरीतील एक स्पर्धक दगावला आणि ती स्पर्धा कायमची बंद पडली. उष्णता तीच. एकीकडे ती मात्रेत दिली गेली, दुसरीकडे सहनशक्तीची परीक्षा म्हणून.

या पार्श्वभूमीवर जेन्ताकस्वेदाचा विधी पुन्हा वाचावा. जलाशयाच्या काठी, सोळा अरत्नी उंचीरुंदीचे, अनेक वातायने असलेले वर्तुळाकार गृह. मध्ये पुरुषभर उंचीची, बारीक छिद्रांची व झाकणाची मातीची अंगारकोष्ठी. भिंतीलगत दारापर्यंत फिरत गेलेला एक अरत्नी उंचीचा ओटा, ती पिंडिका. रुग्णास आत सोडण्यापूर्वी वैद्याने त्यास स्पष्ट सांगावयाचे की घामाने मूर्च्छा येतेसे वाटले तरी पिंडिका सोडू नकोस, कारण ती सोडलीस तर दार न सापडून प्राणास मुकशील. शरीर हलके झाले, स्तंभ-गौरव गेले की पिंडिकेच्याच आधाराने दाराशी ये. बाहेर येताच थंड पाण्याला शिवू नकोस. मुहूर्तभर विश्रांती घे, मग कोमट पाण्याने स्नान आणि नंतर भोजन कर. ओट्याची रचना केवळ बसण्याच्या सोयीची नाही. भोवळलेल्या माणसाला अंधारात चाचपडत दारापर्यंत नेणारा तो मार्ग आहे. वाओनमधील अर्ध्या तासाची विश्रांती आणि चरकांचा मुहूर्त यांतील साम्यही विचार करण्यासारखे आहे.

आपल्या पंचकर्मगृहांसाठी व औषधी व्यावसायिकांसाठी

वरील विवेचनातून व्यवहारात उतरविता येतील अशा काही गोष्टी पुढे मांडतो.

एक. स्वेदनापूर्वी प्रत्येक वेळी पाच प्रश्न विचारावेत: मधुमेह आहे काय, कोणती औषधे चालू आहेत, अखेरचे अन्न व पाणी केव्हा घेतले, गर्भाची शक्यता आहे काय, आज मन अस्वस्थ आहे काय. उत्तरे रुग्णपत्रिकेवर नोंदवावीत.

दोन. मधुमेही रुग्णाच्या तळपायांची संवेदना १० ग्रॅमच्या नायलॉन तंतूने व १२८ हर्ट्झच्या स्वरकाट्याने तपासावी. दोन्ही साधने स्वल्प किमतीत मिळतात. संवेदना नसलेल्या अवयवास शेक नको. अन्यत्र एकांगस्वेद द्यावयाचा तर तो मृदू असावा. मातोश्रींच्या गुडघ्यांना आम्ही घरी उडदाच्या पिठाचे पाळे करून कोमट तेलाची जानुबस्ती देतो. तेल आधी आपल्या मनगटावर तपासतो.

तीन. स्वेदनपेटी विकणाऱ्यांनी तिचे झाकण व दार आतून उघडेल असेच बनवावे. पेटीत तापमापक आणि बाहेर घड्याळ असावे. पिंडिकेचे तत्त्व आजच्या पेटीत उतरवावयाचे ते असे.

चार. नाडीस्वेदाची नळी दोन-तीन ठिकाणी वाकविलेली असावी, म्हणजे वाफेचा प्रचंड वेग मोडतो व ती त्वचेस न भाजता स्वेद आणते, असे चरकांनी कारणासह सांगितले आहे. आज अनेक ठिकाणी कुकरच्या तोंडाशी सरळ रबरी नळी जोडून वाफ दिली जाते, आणि नळीत साठलेले उकळते थेंब प्रथम अंगावर उडतात. यंत्र पुरविणाऱ्यांनी वाकदार नळी द्यावी, वैद्यांनी ती मागून घ्यावी.

पाच. दशमूळ भरड, निर्गुंडीचा पाला, अभ्यंगतेले यांचा पुरवठा जे व्यावसायिक विश्रामगृहांना व स्पांना करतात, त्यांनी मालासोबत मराठीतील एकपानी सूचनापत्र द्यावे. कोणास स्वेदन देऊ नये, किती वेळ द्यावे, केव्हा थांबवावे एवढेच त्यात असावे. तेथे काम करणारी मुले आपल्याच गावांतील आहेत. त्यांना हे कोणी सांगितलेले नसते, म्हणून ती विचारत नाहीत. तिकोणा पेठेतील ज्या मुलांना आम्ही हे सांगितले, ती आता शंका आल्यास ग्राहकाला आमच्याकडे पाठवितात.

सहा. स्वेदनकाळी रुग्णाजवळ एक व्यक्ती सतत असावी व तिने रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहावे. दाह, तृष्णा, मूर्च्छा, अंगसाद ही अतिस्विन्नाची लक्षणे रुग्णाच्या आधी तिला दिसतात. मुदत संपण्याची वाट पाहू नये.

मोजून पाहण्याची परंपरा आपल्याला परकी नाही. याच मावळ तालुक्यात, लोणावळ्यास, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधामची स्थापना केली आणि त्याच वर्षापासून 'योगमीमांसा' या नियतकालिकातून यौगिक क्रियांचे प्रयोगशालेय निष्कर्ष प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. स्वेदनाच्या बाबतीत प्रत्येक पंचकर्मगृहाने निदान नाडी, रक्तदाब, वजन आणि वेळ या चार नोंदी पूर्वी व पश्चात ठेवल्या, तर काही वर्षांत आपल्या प्रदेशाचा, आपल्या रुग्णांचा विश्वसनीय संग्रह तयार होईल. नकार दिलेल्या रुग्णांचीही नोंद त्यात असावी. स्वेदन कोणास दिले याइतकेच ते कोणास व का दिले नाही, हे पुढील वैद्याच्या उपयोगी पडते.

सुज्ञ वैद्यांनी आपापल्या स्वेदनगृहातील अनुभव, विशेषतः उपद्रवांचे व नकारांचे, या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावेत, ही विनंती. इत्यलम्.